सकाळी सहाची जर्मनी

खालापूर तालुक्यातल्या आमच्या मोहोपाड्यात कोणाचं काही खासगी असतं, असा आळ आमच्यावर कोणी घेऊ नये. बाजारपेठेतल्या फ्लेक्सवर वाढदिवसवाल्याचा चेहरा असतो, खाली डझनावारी शुभेच्छुकांचे चेहरे, हुद्दे आणि कोपऱ्यात मोबाईल नंबर. झेरॉक्सवाल्याकडे तिरकी आलेली आधारची प्रत वाया जात नाही, तिच्या पाठीवर उधारी लिहिली जाते. पाताळगंगा एमआयडीसीत कोण पर्मनंट झाला आणि कोणाला ब्रेक मिळाला, हे एचआरच्या आधी नाक्यावरच्या टपरीला ठाऊक असतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आम्ही तो निकाल लगेच फॉरवर्ड केला.

जर्मन माणसाचं तसं नाही. १९८३ मध्ये तिथलं सरकार जनगणनेला निघालं, तर लोक थेट कोर्टात गेले. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबरला निकाल दिला, की आपली माहिती कोणाला किती द्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याकडे शिरगणतीचे गुरुजी दारात आले, की त्यांनी न विचारता जावयाचा पगार सांगितला जातो. वर चहा. पुढे २०१० मध्ये गुगलची गाडी जर्मन रस्त्यांचे फोटो टिपत हिंडली, तेव्हा सुमारे २ लाख ४४ हजार कुटुंबांनी आमचं घर धूसर करा असे अर्ज केले. ती गाडी मोहोपाड्यात शिरली असती, तर पोरं बाईक घेऊन तिच्यापुढे धावली असती. अर्ज आमचेही गेले असते, फोटोत आलो नाही म्हणून.

हे सगळं वाचून मला जर्मनांबद्दल आदर वाटू लागला होता. तो सकाळी सहापर्यंत टिकला.

हॅम्बुर्गचे गृहखात्याचे सिनेटर आंडी ग्रोटे, म्हणजे तिथल्या पोलिसांचे साहेब. २०२० मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत त्यांनी फेरनियुक्तीनिमित्त मित्रांना बोलावून पेले उंचावले आणि दंड भरला. पुढच्या वर्षी तरुण मंडळी रस्त्यावर गर्दी करतात म्हणून याच साहेबांनी ट्विटरवर त्यांना झापलं. त्यावर कोणीतरी एका ओळीचं उत्तर टाकलं. त्यात एका पुरुषी अवयवाचं घरगुती नाव होतं. तो शब्द संपादक छापणार नाहीत, आणि आमच्या नाक्यावर तो स्वल्पविरामासारखा वापरतात. ८ सप्टेंबर २०२१ रोजी, बरोबर सकाळी सहा वाजता, पोलीस झडतीला दारात हजर. गुगलने धूसर केलेलं घरही पोलिसांना सापडतं, हे यावरून सिद्ध झालं.

मग शहरभर त्या ओळीचे स्टिकर लागले. रोटे फ्लोरा नावाच्या बंडखोर अड्ड्याच्या भिंतीवर ती भल्या मोठ्या अक्षरांत झळकली. पोलिसांनी रंग फासला. ओळ परत आली. पोलिसांनी पुन्हा रंग फासला. म्हणजे साहेबांना जे वाक्य एकाने म्हटलं होतं, ते पोलिसांनी सगळ्या शहराला पाठ करून दिलं. पुढच्या वर्षी कोर्टाने ती झडतीच बेकायदा ठरवली. रंगाचा खर्च कोणी सोसला, हे विचारायला तिथे आमच्या ग्रामपंचायतीसारखी ग्रामसभा हवी होती.

एवढ्याने कोणी शहाणं झालं म्हणाल, तर नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम १८८ मध्ये नेत्याचा अपमान आता साध्या माणसाच्या अपमानाहून महाग आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. २०२४ मध्ये बव्हेरियातल्या एका पेन्शनराने शाम्पूच्या जाहिरातीची नक्कल असलेलं चित्र टाकलं, त्यात तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांना मठ्ठ म्हटलं होतं. नोव्हेंबरात घरझडती. हाबेक ग्रीन पक्षाचे, उदारमतवादी, शिवाय स्वतः लेखक. मंत्रिपदाच्या कारकिर्दीत अशा आठशेवर फिर्यादी त्यांच्या नावावर होत्या. जर्मन भिंत धूसर करता येते, जर्मन मंत्र्याची कातडी मात्र आपल्याकडच्याइतकीच पातळ.

उलट या क्षेत्रात आपण त्यांचे वडील लागतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, तेव्हा सगळं बंद कशाला, असं पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. हॅम्बुर्गला निदान एक ओळ टाईप करावी लागली, पालघरला नुसता अंगठा पुरला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाने हा पराक्रम घडला, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी ठाण्यांमध्ये ते लागतच राहिलं. पीयूसीएल ही संघटना आकडे घेऊन पुन्हा कोर्टात गेली, तेव्हा निकालानंतरही महाराष्ट्रात या मेलेल्या कलमाखाली ३८१ गुन्हे नोंदल्याचं निघालं, बाकी सगळ्या राज्यांहून जास्त. महाराष्ट्र पहिला आला आणि त्याचा एकही फ्लेक्स लागला नाही, हे मी प्रथमच पाहिलं.

तसं आमच्या खालापूर तालुक्यात अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं खातं दिल्लीकडेही नाही आणि बर्लिनकडेही नाही. ते व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनकडे आहे. पंचायतीची निवडणूक लागली, की 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात'. निकाल लागला, की फुलांचे गुच्छ सर्वांना खुले. आमचे अॅडमिन तर रात्री झोपण्यापूर्वी दोन-तीन जणांना काढतात आणि सकाळी चहाला बोलावून परत घेतात. 'उद्या काही झालं तर पोलीस मला उचलतील' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांची छाती किंचित फुगते.

म्हणून मी त्यांना आनंदाची बातमी दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्येच सांगून ठेवलंय, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर संगनमत असल्याशिवाय अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. माणूस घ्यायचा किंवा काढायचा, याहून अॅडमिनच्या हातात फारसं काही नसतं, असं कोर्टाचं म्हणणं.

त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे पोलीस आले, तर मला विचारणारसुद्धा नाहीत?"

मी नाही म्हटलं. संध्याकाळी त्यांनी मला ग्रुपमधून काढलं.