उमापूरचं दुकान गूगलवर चढवण्याची सोपी कृती

साहित्य: दुकान एक, स्मार्टफोन एक, बारावी झालेला पुतण्या एक. दुकान कशाचंही चालेल, आपण मोटार भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं घेऊ. आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात जिथं विहीर तिथं मोटार, आणि मोटार म्हटली की ती जळणारच. पुतण्या मात्र घरचाच घ्या. बाहेरचा पोरगा तुमच्या दुकानाची नोंद स्वतःच्या ईमेलवर करतो, पुढे पुण्याला नोकरीला लागतो, आणि मग दुकानाची वेळ बदलायची तरी त्याच्या सुट्टीची वाट बघावी लागते.

आता पहिली पायरी, आणि हीच सगळ्यात अवघड. उमापुरात तुम्हाला सगळे ओळखतात, हे विसरा. गूगल कधी पारावर बसलेलं नाही. तुमचे वडील याच गाळ्यात मोटारी भरायचे, हे त्याच्या कानावर नाही. शिवाय उमापूरचा माणूस तुम्हाला फोनवर शोधतच नाही. तो जळालेली मोटार मोटारसायकलच्या मागं बांधून थेट दारात आणून टाकतो. शोधतो तो चकलांब्याकडचा नवा शेतकरी, शेवगावच्या अंगानं आलेला बोअरवाला, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, ज्याला नुकताच वडिलांचा फोन आलाय की कापसाचं पाणी बंद पडलं. सगळा खटाटोप या तिघांसाठी आहे. भावकीला दाखवण्यासाठी नाही, जरी सुरुवात तिथूनच होते.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. गूगलनं ही सोय 2014 साली ‘माय बिझनेस’ या नावानं आणली आणि 2021 मध्ये तिचं नाव ‘बिझनेस प्रोफाइल’ केलं. नाव बदललं तरी ती फुकटच राहिली. तरीही नोंदणी झाली की फोन येईल: ‘सर, गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान पहिल्या नंबरवर आणून देतो, पाच हजार भरा.’ अशा माणसाला चहाला बोलवा, तो येणार नाही. जाहिरातीची जागा विकत मिळते, पण नकाशाखालच्या यादीतला नंबर विकत मिळत नाही, असं गूगल स्वतःच लिहून ठेवतं. ‘गूगलची फुकट वेबसाइट’ करून देतो म्हणणाराही भेटेल. ती सोय गूगलनं मार्च 2024 मध्येच बंद केली.

नावाच्या रकान्यात पुतण्याला आवरा. पाटीवर समजा ‘माउली इलेक्ट्रिकल्स’ आहे. पुतण्या लिहितो, ‘माउली इलेक्ट्रिकल्स बेस्ट मोटार रिवाइंडिंग उमापूर गेवराई बीड नंबर वन’. हे नियमात बसत नाही. कुणी तक्रार केली तर नोंद लटकते, आणि तक्रार करणारा कोण असेल हे तुम्हाला नोंदणीच्या आधीपासून ठाऊक आहे. पाटीवर जे आहे तेच लिहा. बाकीचं सगळं धंद्याचा प्रकार आणि सेवा यांत घाला, आणि लोकांच्या तोंडचं घाला: मोटार भरून मिळेल, पाणबुडी मोटार, स्टार्टर दुरुस्ती. ‘इलेक्ट्रिकल सोल्यूशन्स’ हे व्हिजिटिंग कार्डावर शोभतं. पीक वाळायला लागल्यावर ते कुणी शोधत नाही.

पत्ता. इथे थोडं थांबा, कारण उमापूर एकच नाही. कर्नाटकात बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात आणखी एक उमापूर आहे. तिथे चालुक्यकालीन देवळं आहेत. आपण बीड, ते बिदर. घाईत टाइप करणाऱ्याला एवढा फरक पुरेसा पडत नाही, आणि ‘मारुतीच्या देवळासमोर’ हा पत्ता तर महाराष्ट्रातल्या निम्म्या दुकानांचा असेल. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं भरा. मग नकाशावरची खूण बोटानं ओढून बरोबर आपल्या शटरवर आणा. तुम्ही ती ओढली नाहीत तर गूगल अंदाजानं कुठंही टोचतं, आणि गिऱ्हाईक कुणाच्या तरी तुरीत उभं राहून तुम्हाला फोन करतं.

पुढची पायरी म्हणजे पडताळणी. बऱ्याचदा गूगल व्हिडिओ मागतं: एका दमात काढलेला, कुठं न तोडलेला, निदान अर्ध्या मिनिटाचा. दुकान कुठं आहे, आत काय आहे आणि ते तुमचंच आहे, या तिन्ही गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत. तेव्हा रस्त्यावरून सुरू करा, शेजारच्या पाट्या दाखवा, खिशातून किल्ली काढून शटर वर करा. आत तांब्याच्या तारेची रिळं, अर्धी भरलेली मोटार, वार्निशचा डबा, भिंतीवर खडूनं लिहिलेली उधारी. उधारीवरून कॅमेरा जरा जोरात फिरवा. तुमचा चेहरा दिसायची गरज नाही, पण शटर वर जाईपर्यंत चौघं जमतात आणि ‘दादा, रील काढायलेत का?’ हा आवाज त्यात येतोच. बिघडत नाही.

आता नंबर कसा लागतो. गूगल तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याला जे हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालंय. अंतराचं काही करता येत नाही. गेवराईत उभा राहून शोधणाऱ्याला आधी गेवराईचीच दुकानं दिसणार. त्याचा राग पुतण्यावर काढू नका.

नाव होतं ते बरंचसं रिव्ह्यूंनी. इथे आपल्याकडे वेगळीच अडचण आहे. गावातला माणूस वाईट रिव्ह्यू लिहीत नाही, कारण परवा लग्नात तुमच्याच पंगतीला बसायचंय. जे बोलायचं ते तो पारावर बोलतो. चांगलाही लिहीत नाही, कारण ‘चांगलं काम केलं’ हे बोलून दाखवायची पद्धत नाही. पुढची मोटारही तुमच्याकडेच टाकली, यात सगळं आलं. म्हणून मग एका रात्रीत मेहुणे, साडू आणि त्यांची मित्रमंडळी मिळून पंचवीस जण पाच-पाच स्टार देतात. गूगल असले रिव्ह्यू काढून टाकतं. चहा पाजून, सूट देऊन घेतलेलेही नियमात बसत नाहीत. मोटार चालू झाली, पाणी पडलं, गडी खुशीत आहे, त्या घडीला ‘दोन ओळी लिहा ना’ म्हणा. बोलून टाइप होतं हे दाखवा. ‘मोटार चांगली भरली, दोन वर्षं झाली जळली नाही’ हे एक वाक्य मेहुण्यांच्या पंचवीस ‘नाइस’पेक्षा जास्त कामाचं.

शेवटी वेळ. ती खरी लिहा, दहावा-तेरावा असेल त्या दिवशी बंद दाखवा. बंद दुकान यादीत खाली जातं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून पुतण्या ‘24 तास उघडे’ टाकतो. शेतीची थ्री-फेज पुष्कळदा रात्रीच येते, आणि मोटारही तेव्हाच जळते. रात्री दोनला फोन वाजतो.

‘मोटार जळलीय. घेऊन येऊ का?’

‘अहो, दुकान बंद आहे.’

‘गूगल तर चालू हाय म्हणतंय. निघालोय मी, शटर वर करा.’