डिकीतलं मौनव्रत

गल्लीभरच्या खिडक्यांच्या काचा थरथरवणारी गाडी एका सकाळी गप्प होते. शेजारी मनातल्या मनात पेढे वाटतात, मालक दुकानदाराला फोन लावतो. निदान ठरलेलं: ‘अँप्लिफायर गेला साहेब, नवाच टाका.’

अँप्लिफायर बहुधा शाबूत असतो. त्याला लागतं काय? बॅटरीकडून १२ व्होल्ट, गाडीच्या पत्र्याला घट्ट अर्थिंग आणि स्टिरिओकडून रिमोटची बारीक वायर, जी त्याला ‘ऊठ’ म्हणते. त्याचा दिवाच लागत नसेल तर या तिघांतलं कुणीतरी रुसलेलं. कधी बॅटरीजवळचा फ्यूज उडालेला, कधी अर्थिंगचा स्क्रू पत्र्याच्या रंगावरच आवळलेला. रंग खरवडायला दोन मिनिटं लागतात. फिटिंगवाल्याला तेवढी सवड कुठली! प्रोटेक्टचा लाल दिवा लागला, तर सबवूफरच्या वायरी सोडवून बघाव्यात. दिवा गेला तर दोष स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत. सुट्या केलेल्या सबवूफरला नऊ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की शंकू ‘धप्’ करून हलतो. ढिम्म राहिला तर कॉइल जळाली असं खुशाल समजा.

पण हे तपासायला मल्टिमीटर घ्यावा लागतो, आणि मालकाचे पैसे निळ्या एलईडीच्या पट्टीत गेलेले असतात. शिवाय अँप्लिफायरवर ठसठशीत छापलंय: ३००० वॉट. आत फ्यूज ३० अँपिअरचा. गुणिले १२ केले की होतात ३६०. उरलेले २६४० छापखान्याने घातले.