समान तार, समान न्याय

डावा स्पीकर अॅम्प्लिफायरपासून दोन मीटरवर, उजवा पाचवर. तरी दोन्हीकडे पाच-पाच मीटरच तार कापणाऱ्या श्रवणभक्तांचे जाहीर अभिनंदन. एरवी डावा सूर उजव्याच्या सुमारे १५ नॅनोसेकंद आधी पोहोचून घोर अन्याय झाला असता. उरलेली तीन मीटर तार सोफ्यामागे वेटोळे घालून न्यायदान करते.

मात्र डोके एक सेंटीमीटर बाजूला कलले, तर त्या १५ नॅनोसेकंदांच्या सुमारे दोन हजार पट फरक पडतो. सबब, पुढील टप्प्यात सोफ्याला मानेचा शिकंजा बसवावा. समेवर मान डोलावण्यास सक्त मनाई असावी.

परवा अशाच एका घरी मैफल ऐकली. तारा मिलिमीटरपर्यंत समान होत्या. उजवा स्पीकर कपाटामागे होता. वहिनींच्या मते तो हॉलमध्ये शोभत नाही.