खुडे अण्णा

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या सोसायटीत अण्णा दारोदार फिरतात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेवंतीच्या काश्या. काशी म्हणजे जुन्या बुडख्यापासून फुटलेलं मुळासकटचं पिल्लू. फुकट देतात, पण लेक सासरी धाडल्यासारखी. कुंडी दहा इंची आहे ना, तळाचं भोक मोकळं आहे ना, मातीत शेणखत किती, सगळी चौकशी होते. "पाणी तुंबलं की ही मेलीच म्हणून समजा," असा दम देऊनच उंबरठा ओलांडतात.

महिन्याभरात रोप वीतभर होतं. आपल्याला जरा कौतुक वाटू लागतं, तेवढ्यात अण्णा येतात आणि चिमटीत धरून शेंडा कटकन खुडतात. "उंच जाऊन काय दिवे लावायचेत तिला? बुटकीच राहू दे, घमेल्यासारखी भरेल." शेंडा गेला की बगलेतून चार फुटवे येतात. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचेही शेंडे उडतात. लिफ्टची वाट बघता बघता अण्णांनी तळमजल्यावरच्या बाईंची तुळससुद्धा खुडली आहे. गौरी-गणपती झाले की मात्र हात खिशात. त्यानंतर खुडलं तर कळ्याच जायच्या.

मग दिव्याचं प्रकरण सुरू होतं. शेवंती कळी धरते ती रात्र मोठी झाल्यावर, आणि त्या रात्रीत उजेड पडत राहिला तर तिला वाटतं, उन्हाळाच चाललाय. अण्णांच्या कुंड्या नेमक्या फाटकाच्या दिव्याखाली. अर्ज करून झाले. एका संध्याकाळी दिव्यावर आपोआप बारदान चढलं आणि रात्री सेक्रेटरी त्याच कुंड्यांवर धडपडले. "फार लागलं नाही ना?" अण्णांनी कळवळून विचारलं. कुंडीकडे बघत. आता तडजोड झाली आहे. दिवेलागणीला प्रत्येक कुंडीवर एकेक जुनी काळी छत्री उघडते. नवे भाडेकरू आभाळाकडे बघतात.

दिवाळीच्या आगेमागे झुडपं अशी फुलतात की पान दिसत नाही. झिप्री, राजा, पांढरी रेवडी. फुलं कापायची कशी, हे अण्णा कुणालाही थांबवून सांगतात: ऊन चढायच्या आत, दांडा तिरका, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं, मग आठ-दहा दिवस मरण नाही. स्वतः मात्र एक फूल कापत नाहीत. अडीच महिने कोवळे शेंडे मुरगळणाऱ्या या माणसाच्या हाताला फुलापाशी आल्यावर कंप सुटतो. "अजून मधला डोळा मिटलाय. दोन दिवस जाऊ देत." ते दोन दिवस फूल वाळेपर्यंत चालतात. वहिनी देवासाठी पाव किलो शेवंती विकत आणतात. गेली कित्येक वर्षं.

यंदा मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. पाटाशेजारी तांब्यात शेवंतीचे सात-आठ दांडे, टपोरे, पिवळेधमक. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. एक दांडा उचलला, फिरवला, पानं उलटून मावा बघितला.

"कुठून आणलीस?"

"मंडईबाहेरून," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. सकाळी सहाला मागच्या भिंतीकडच्या कुंडीपाशी मी त्यांना कात्रीसकट पाहिलं होतं. मी चहात बिस्कीट बुडवलं.

"बघा," अण्णा दांडा माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "याला म्हणतात जोपासना! शेंडे वेळेवर खुडलेत, पाणी बेतानं दिलंय. आपल्याला नाही बुवा असं जमत. चपला घाला. त्या फुलवाल्याला गाठून विचारू, माल कुणाचा आहे."

आम्ही दोन तास मंडईभोवती फिरलो.