लाल शाईचा लॅब्रडॉर

12 ऑगस्ट उजाडला की स्कॉटलंड आणि यॉर्कशरच्या डोंगरमाथ्यांवर, जांभळ्या हेदरच्या फुलोऱ्यात, एक गृहस्थ हमखास उगवतो. ट्वीडचा कोट, ट्वीडची टोपी, गुडघ्याखाली आवळलेली ट्वीडचीच विजार. लंडनला तो बँकेत किंवा वकिलीत असेल. इथे तो फक्त एका लॅब्रडॉरचा मालक असतो. ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम 10 डिसेंबरपर्यंत चालतो, पण पहिल्याच दिवसाचं आमंत्रण मिळणं ही प्रतिष्ठा, आणि तिथे घरचा कुत्रा नेणं ही त्याहून मोठी.

ग्राउज त्याच्या बोलण्यात फारसे येत नाहीत. येते ती वंशावळ. शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांत अजिंक्य ठरलेल्या पूर्वजांची नावं तिच्यात लाल शाईनं लिहितात. हा कागद त्याच्या खिशात असतो. आपल्याकडे कुलवृत्तांत उघडून खापरपणजोबांची पेशवे दरबारातली चाकरी दाखवणारे काका असतात; याच्यापुढे तेही हात टेकतील.

कुत्र्याचं नाव जेट. वाऱ्यात हाक मारायला सोपं. त्याची सोय किती, हे दुपारपर्यंत सगळ्या डोंगराला कळतं.

सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात. छातीइतक्या उंच दगडमातीच्या आडोशात, म्हणजे ‘बट’मध्ये, प्रत्येकानं उभं राहायचं आणि दर हाक्यानंतर दोन जागा सरकायचं. लांबून हाकारे झेंडे फडकावत येतात आणि पक्षी उठतात. हेदरला पोट घासत ते जे येतात, ते वारा पाठीशी असला तर ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. ‘आले’ म्हणेपर्यंत गेलेले असतात. बंदूक चुकून शेजाऱ्यावर फिरू नये म्हणून बटच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवतात. कुत्र्यासाठीही जमिनीत पिळून बसवायचा खुंटा मिळतो, पण तो वापरणं म्हणजे लाल शाईचा अपमान.

“खरा कुत्रा बाराच्या आवाजानं हलत नाही. हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत बसून राहतो,” तो शेजारच्या बटला ऐकू जाईल असं सांगत असतो. तेवढ्यात पहिला बार होतो आणि जेट दिसेनासा होतो. शिट्टी. मग हाक. मग ज्या शब्दांची वंशावळ देता येत नाही असे शब्द. जेट परततो तो तोंडात पक्षी घेऊन. “बघा, पीससुद्धा मोडलं नाही! तोंड किती नरम!” पक्षी शेजाऱ्यानं पाडलेला असतो, एवढंच.

दुसऱ्या हाक्यात जेट थेट हाकाऱ्यांच्या स्वागताला धावतो आणि येणारा थवा माघारी फिरतो. माळाची राखण करणारा गेमकीपर आभाळाकडे बघतो. गृहस्थ म्हणतो, “आज जमिनीवर वास टिकत नाहीये.” बटच्या मागे दूर, गावातली एक बाई चार कुत्र्यांसह मुकाट बसलेली असते. शिंग वाजलं की तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर चौघं पडलेले पक्षी वेचून आणतात. त्यांची वंशावळ तिला कुणी विचारत नाही.

जेवताना कुणीतरी लॉर्ड वॉल्सिंगहॅमचा विक्रम काढतो: 30 ऑगस्ट 1888 ला यॉर्कशरच्या ब्लबरहाउसेस माळावर एकट्यानं एका दिवसात 1070 ग्राउज. सगळे माना डोलावतात. आपला गृहस्थ विचारतो, “पण उचलून कुणी आणले?”

जेटची खरी सेवा मात्र त्याच्या लाल शाईतल्या पूर्वजांनाही साधली नसेल. मालकाची काडतुसं दिवसभर आभाळात विरतात, आणि एकाचंही तिकडे लक्ष जात नाही. सगळे जेटकडे बघत असतात. संध्याकाळी जोडीजोडीनं पक्षी मोजले जातात, तेव्हा गृहस्थ जेटच्या आईच्या घराण्यात एक-दोन नावं काळ्या शाईतली असल्याचं मोकळेपणानं कबूल करतो. ग्राउजची एक जोडी भेट म्हणून त्याच्याही हातात पडते.

निरोप देताना यजमान अत्यंत अदबीनं म्हणतात, “पुढच्या वर्षी नक्की या. कुत्रा आणायची तसदी मात्र घेऊ नका, आमच्याकडे पुष्कळ आहेत.”

गाडी सुरू करता करता गृहस्थ बायकोला सांगतो, “ऐकलंस? त्यांच्या कुत्र्यांना कमीपणा वाटायला लागलाय.”