एकास शहात्तर

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणपासून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेले आहेत, पण त्यांवरून खत जातं. माणसांनी पेणपर्यंत एसटीने जावं, नाहीतर मांडव्याहून बोट धरावी. ‘आपल्याकडे गाडी येणार’ ही बातमी दर निवडणुकीला येते आणि मतमोजणीच्या सुमारास परत जाते. शेवटी मी घरापुरता निर्णय घेऊन टाकला. दिवाणखान्यातल्या जुन्या टेबलावर एक मार्ग मंजूर केला. भूसंपादनाचा प्रश्न आला नाही, फक्त फुलदाणी आणि टीव्हीचा रिमोट यांचं पुनर्वसन करावं लागलं.

या मार्गासाठी एक वाफेचं इंजिन मागवलं. वाफेचं म्हणजे दिसायला. पोटात बारा व्होल्टची मोटार, वीज रुळांतून येणार. सहा चाकं, दोन्ही कुशींना पाण्याच्या टाक्या, वर पितळी रंगाचा घुमट, पुढे लाल बफरपट्टी. अशी इंजिनं इंग्लंडातल्या यार्डांत डबे इकडचे तिकडे करत असत. प्रमाण एकास शहात्तर. मूळ इंजिनाचे शहात्तर मिलिमीटर म्हणजे माझ्या टेबलावरचा एक मिलिमीटर.

खोक्यात इंजिनाबरोबर एक इवलीशी पिशवी होती. तिच्यात शिट्टी, ब्रेकचे दांडे, हवेच्या नळ्या असा सुटा संसार होता आणि ‘हे ग्राहकाने स्वतः बसवावेत’ अशी सूचना. किंमत पूर्ण वस्तूची घ्यायची आणि वस्तू पूर्ण करण्याचा मान गिऱ्हाइकाला द्यायचा, हा व्यवहार मला आवडला. पण कारखान्याने आणखीही काही कामं माझ्यासाठी राखून ठेवली होती, ती पिशवीत नव्हती. बॉयलरच्या कडेचा तारेचा कठडा एका टोकाला सुटला होता. मागची कपलिंग खाली लोंबत होती आणि जिथे मार्गाला फाटा फुटतो त्या सांध्यावर अडकत होती. इंजिन सरळ रुळावर झकास धावे, पण सांध्यावर आलं की विचारात पडून थांबे. त्याला बोटाने ढकललं तर पुढचं चाक रुळावरून उतरे. शिवाय धावताना उजव्या अंगाने टिक् टिक् असा बारीक आवाज येई.

पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, परत पाठवा. बदलून देतात.”

आमच्या पिढीला हे ‘बदलून देतात’ जड जातं. आणि बदलून आलेल्या इंजिनात दुसरे दोष निघणार नाहीत याची काय खात्री? हे निदान ओळखीचे झाले होते.

रुळावरून गाडी घसरली की चौकशी होते. अपघात गंभीर असेल तर आपल्या देशात ती रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. चौकशी करणारा चौकशी होणाऱ्याचा नोकर नसावा, हा त्यामागचा शहाणपणा. आमच्या घरचं आयुक्तपदही असंच माझ्या अखत्यारीबाहेर आहे. आयुक्तांनी भाजी निवडता निवडता घटनास्थळाची पाहणी केली.

“अहो, नेहमी त्याच जागी पडतंय ना? मग रूळ बघा आधी. इंजिनाला काय बोल लावताय?”

रूळ पाहिले. ते जर्मन सिल्व्हरचे असतात. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू, चांदीचा त्यात अंश नसतो. समुद्राची खारी, दमट हवा त्यावर करडी झिलई चढवते आणि तेवढ्याने विजेची वाट अडते. म्हणून किनाऱ्यावर ज्याला असली रेल्वे चालवायची असेल त्याने गाडी सोडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा रुळांवरून फिरवावा. बोळा काळा झाला, गाडी थोडी सुधारली. पण सांध्यावरचा संकोच गेला नाही. आयुक्तांनी अंतरिम अहवाल देऊन भाजी फोडणीला टाकली.

थांबण्याचं कारण इंजिनाच्या पोटात सापडलं. चाकांच्या पाठीला पितळवर्गीय धातूच्या केसासारख्या पट्ट्या टेकलेल्या असतात. रुळातली वीज चाकात, चाकातली पट्टीत, पट्टीतली मोटारीत. सांध्याच्या मध्यभागी प्लॅस्टिकचा एक तुकडा असतो, तिथे वीज नसते. तेवढ्या जागी बाकीच्या चाकांनी वीज आणून भार उचलायचा. पण माझ्या इंजिनाची एक पट्टी चाकाला स्पर्शच करत नव्हती. ती नोकरीवर हजर होती, सही केलेली होती, काम मात्र करत नव्हती. सरळ रुळावर हे कळत नाही, कारण इतर पट्ट्या सांभाळून घेतात. चिमट्याने तिला किंचित चाकाकडे वळवलं. किंचितच, कारण फार दाबली तर तीच ब्रेक होऊन बसते.

चाक उतरण्याची गोष्ट निराळी होती. आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटर हवं. व्हर्नियर लावला तर पुढच्या जोडीत ते चौदा पूर्णांक दोन दशांश भरलं. तीन दशांश मिलिमीटर म्हणजे आपल्या हिशेबी काहीच नाही, पण शहात्तरने गुणा. खऱ्या इंजिनात तो फरक जवळपास तेवीस मिलिमीटरचा होईल. त्या इंजिनाला कोणी शेडबाहेर काढणार नाही. जग जितकं लहान करावं तितके त्यातले दोष मोठे होतात, हे व्हर्नियरवर असं आकड्यांत दिसलं.

चाकं अलगद बाहेर ओढायची, आणि ओढताना आसावर फिरू द्यायची नाहीत. वाफेच्या इंजिनाची डावी-उजवी चाकं काटकोनाच्या फरकाने बसवलेली असतात. एका बाजूचा दट्ट्या शेवटाला पोचून क्षणभर निर्बळ झाला की त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असावा, म्हणून. माझ्या इंजिनात दट्ट्याला काही काम नाही, तरी तो काटकोन पाळावाच लागतो, नाहीतर चाकांना जोडणारे दांडे अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं.

कठडा पुन्हा बसवला, कपलिंग वर उचलली. राहिली टिकटिक. तिच्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागला. आमच्या शेजारी एक नाखवा राहतात. मासेमारीच्या बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “मास्तर, किती सिलिंडरचं?” आमच्या किनाऱ्यावर बोटीची पत सिलिंडरवरून ठरते, तेव्हा प्रश्न रास्त होता.

“दोन. पण नावाला.”

“मग तेल कमी खात असेल,” असं म्हणून नाखवांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक चालत्या इंजिनाच्या तळपट्टीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मोठ्या इंजिनातलं बेअरिंग वाजतंय का हे मेकॅनिक असंच ऐकतात. स्क्रूड्रायव्हर इंजिनाहून लांब होता. नाखवांच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य मात्र एका बोटीच्या मापाचंच होतं.

“उजवीकडचा दांडा. मधल्या चाकावर. बोल्ट ढिला हाय.”

बोल्ट खरंच ढिला होता, मोहरीएवढा. तो फिरवायचं हत्यार बाजारातल्या घड्याळजीकडून आणलं. पूर्ण आवळला तर दांडा जखडतो, म्हणून आवळून नखभर मागे सोडला. मग तेल. नाखवांनी प्रेमाने आपली बुधली पुढे केली, तिच्यात माझं इंजिन सगळं बुडालं असतं. मी सुईच्या टोकावरचा थेंब आसाला लावला. नाखवांना तो अपमान वाटला की काय कोण जाणे, पण आवाज थांबल्यावर ते खूष झाले.

मधलं चाक आडवं जरा हलतं हे त्यांनीच दाखवलं आणि तेही पक्कं करायला निघाले. त्यांना थांबवलं, कारण तो ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. सहा चाकं एका ताठ चौकटीत घट्ट बसवली तर वळणावर मधलं चाक कुठे जाणार? याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. नेरळ-माथेरानची दोन फुटी रेल्वे आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारली, ती १९०७ साली सुरू झाली. घाटातली तिची वळणं इतकी अवघड की तिथे सरळ स्वभावाचं इंजिन निभणं कठीण. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कारखान्याने तिच्यासाठी जी चार इंजिनं बनवली त्यांच्या टोकाच्या आसांना वळणाबरोबर कलण्याची सोय होती. क्लिएन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. दुरुस्तीला बसणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही. कुठला ढिलेपणा दोष आणि कुठला सोय, हे ओळखल्याशिवाय पाना उचलू नये. घरातल्या माणसांबाबतही हा नियम बरा, पण तो विषय आयुक्तांच्या कक्षेत येतो.

आणि काही दोष असे की सगळ्यांना माहीत असून कोणी त्यांना हात लावत नाही. माझे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे आहेत. एकास शहात्तरने ते इंग्लंडच्या खऱ्या रुळांपेक्षा सुमारे अठरा सेंटिमीटर अरुंद ठरतात. साडेसोळाचं माप बरोबर बसतं ते एकास सत्त्याऐंशीला. पण इंग्लंडची इंजिनं मुळात अंगाने बारीक, त्या प्रमाणात केली तर त्यांच्या पोटात त्या काळच्या मोटारी मावेनात. मग तिथल्या कारखानदारांनी इंजिन मोठं केलं आणि रूळ होते तसेच ठेवले. तेव्हापासून एक अख्खा देश चुकीच्या रुंदीवर आनंदाने गाड्या चालवतो आहे. आपल्या ब्रॉडगेजला तर एकास शहात्तरने बावीस मिलिमीटर लागतील. ज्यांना एकास सत्त्याऐंशीची शुद्धता पाहायची असेल त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहावं. कोकण रेल्वेवरून पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्याच १९९८ साली ते सुरू झालं.

उघडलेल्या इंजिनाचा एक स्क्रू मध्येच नाहीसा झाला होता. तो सापडला मोटारीच्या चुंबकाला चिकटलेला, आणि मला आमच्या वेधशाळेची आठवण झाली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडतील अशी भीती निर्माण झाली. नानाभाई मूस तेव्हा तिथले संचालक होते. चुंबकीय नोंदींचं काम समुद्र ओलांडून अलिबागला आलं. १९०४ पासून इथे नोंदी होऊ लागल्या. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजून ताळा पाहिला गेला. चुंबकाला ओढ लावील असं काही नको म्हणून इमारतींचा दगडसुद्धा पारखून घेतलेला. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली, म्हणजे माथेरानची गाडी सुरू झाली त्याच वर्षी. विजेच्या गाड्यांपासून दूर जायचं म्हणून ज्या गावाची निवड झाली त्याच गावात मी घरात विजेची गाडी चालवतो आहे. पण तिची मोटार अर्धा अँपिअरही घेत नाही, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाला धोका नसावा.

लाल बफरपट्टीच्या रंगाचा एका जागी टवका उडाला होता, ते शेवटचं काम. त्यासाठी पेणला गेलो. गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्या एका कलाकाराने इंजिन तळहातावर घेतलं, लाल रंगांच्या वाट्यांमधून एक निवडला, श्वास रोखून कुंचला एकदाच टेकवला आणि इंजिन परत दिलं. जोड दिसत नाही. पैसे घ्यायला तयार होईना. “मूर्तीला डोळे काढणाऱ्याने एवढ्याचे काय घ्यायचे?” म्हणाला.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा इंजिनासाठी एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर मापाचं आहे. आमच्या वाट्याला येणारे बहुतेक दोष आमच्या हाताबाहेरचे असतात. मुंबई-गोवा महामार्गाचं काम माझ्या पान्याने पुरं होत नाही. एसटी उशिरा आली तर तिच्या कुठल्या पट्टीचा स्पर्श सुटला आहे हे मला पाहू देत नाहीत. अर्ज करावा, वाट पाहावी, वय वाढवावं. अशा आयुष्यात तीन दशांश मिलिमीटरचा दोष भेटणं ही चैन आहे. त्याची तक्रार करणारा मी, चौकशी घरची, तज्ज्ञ शेजारचा, आणि निकाल त्याच आठवड्यात. दोषाचं माप आणि आपल्या अधिकाराचं माप एकदा तरी जुळावं, मग मोठ्या बिघाडांकडे माणूस जरा कमी चिडून पाहतो.

तेव्हा नवी वस्तू आणलीत आणि ती जराशी अडखळली, तर आधी पांढरं फडकं पसरा, त्यावर सांडलेला स्क्रू दिसतो. मोटार जळाली असेल किंवा दाते तुटले असतील तर खुशाल परत पाठवा, तो कारखान्याचा दोष आहे. पण पट्टी वाकवून, बोल्ट आवळून भागत असेल, तर तो दोष दुकानदाराला परत देऊ नका. तुमच्या मापाचा दोष रोज मिळत नाही.