कढीपत्त्याच्या निमित्ताने

अहो, ऐकलंत का? कढीपत्ता देते मी तोडून, हवा तेवढा न्या, पण जरा भिंतीजवळ सरका. वर सगळ्यांच्या खिडक्या उघड्या आहेत, आणि आपल्या सोसायटीत भिंतींपेक्षा ग्रिललाच कान जास्त.

तिसऱ्या मजल्यावरची हो, आपली बँकवाली. नाव कशाला घ्या. ती, तिचा नवरा आणि ती चिमणी. निघाले म्हणे वरळीला राहायला! म्हणजे निघाले असं नाही... पण निघायचं की नाही यावर परवा रविवारी जे काही झालं ना, ते मी या कानांनी ऐकलं. मुद्दाम नव्हते गेले हं. त्यांचा डबा राहिला होता माझ्याकडे, रिकामा कसा द्यायचा म्हणून चार नारळाच्या वड्या घातल्या नि गेले वर. दार उघडंच. आत सासूबाई वरळीहून आलेल्या, विहीणबाई कल्याणहून आलेल्या, ताटं वाढलेली आणि जेवत कुणीच नाही. ती म्हणाली, "या ना काकू, बसा." आता बसा म्हटल्यावर लगेच उठणं बरं दिसतं का?

सासूबाईंची बीडीडी चाळीतली खोली तुम्हाला माहितीच आहे. १६० चौरस फूट, मधे पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या नि संडास टोकाला. त्या एवढ्याशा जागेत सहा माणसं. तो त्यातच वाढला, पॅसेजमध्ये झोपून इंजिनीअर झाला. २०१७ साली जांबोरी मैदानावर नव्या इमारतींचा नारळ फुटला, २०२१ साली परत फुटला. आमचे हे म्हणायचे, इमारत होईपर्यंत नारळाची बाग उभी राहील. आणि २०२५ साली १४ ऑगस्टला चक्क चाव्या! पहिल्या ५५६ घरांत यांचा नंबर. ५०० चौरस फूट, चाळीस मजली टॉवर, नि पदरचा एक पैसा घालायचा नाही. वरळीत हो! आणि इथे यांचा डोंबिवलीतला हप्ता अजून चौदा वर्षं फिटायचाय. म्हणजे बघा दैव कसं असतं...

तर काय सांगत होते, हां, सासूबाई. त्यांची भुणभुण सुरू झाली ती आधीच, जूनमध्ये. ती मुंब्र्याची घटना नाही का झाली, ९ जूनला, लोकलच्या दाराला लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली बिचारी. बँकवाली त्या दिवशी मधेच अडकलेली, फोनला रेंज नाही. सासूबाईंनी अकरा फोन केले, शेवटी मलाच लावला. ही घरी आली तेव्हा चिमणी माझ्या मांडीवर झोपून गेलेली. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, "नोकरी फोर्टला आणि संसार अठ्ठेचाळीस किलोमीटरवर, हे काय जगणं आहे?"

खोटं नाही हो ते. सव्वाआठच्या गाडीला बसायला मिळावं म्हणून ही आधी कल्याणला उलटी जाते, रिटर्न मारून येते. संध्याकाळी चौथी सीट मिळाली तरी सण साजरा. आणि वरळीहून काय, भुयारी मेट्रो ऑक्टोबरपासून पार कफ परेडपर्यंत गेलीये. आत्रे चौकात बसली की हुतात्मा चौकात उतरली, पदर न विस्कटता. सासूबाईंनी हे हातवारे करून दाखवलं बरं का, जसं काही मेट्रो त्यांनीच खणली.

तर त्यावर विहीणबाई... अहो, त्या गप्प बसतील? वरणाची वाटी बाजूला सारून म्हणतात, "पण पोर खेळणार कुठे, लिफ्टमध्ये?" सासूबाई म्हणाल्या, "जांबोरी मैदान खालीच आहे आमच्या. तुमच्या इथे खेळायला जागा असेलही, पण रस्ता गुलाबी होतो ना हो तुमचा?" अगंबाई! विहीणबाईंचा चेहरा एवढासा झाला. कारण बोलणार काय, २०२० साली इथल्या एमआयडीसीत रस्ता खरंच गुलाबी झालेला, मुख्यमंत्री बघायला आले होते. त्याच्या आधी तो हिरवा पाऊस. मी म्हटलं आता इथे आपण बोलावं, डोंबिवलीचा मान आहे शेवटी. म्हटलं, "अहो, पण शोभायात्रा कुणाची पहिली? १९९९ साली आपल्या गणेश मंदिरानं पाडव्याला काढली, तिथून सगळीकडे गेली." तर तो, तिचा नवरा, म्हणतो कसा, "काकू, यात्रा वर्षातनं एकदा असते, प्रदूषण रोज." मीच गप्प झाले. वडी दिली त्याला.

आता माझं विचाराल तर... माझं कशाला विचाराल म्हणा. पण १९८३ साली मी लग्न करून गिरगावातून इथे आले ना, तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "डोंबिवलीला देताय? तिथे विहिरीचं पाणी पितात म्हणे." आणि स्वतः काय, दीड खोलीत नऊ माणसं, माळ्यावर दीर झोपायचा. गिरणीवाल्यांचा संप नुकताच होऊन गेला होता, परळ-लालबागची माणसं अशी इकडे लोटत होती, कुणी डोंबिवली, कुणी बदलापूर. जागा मिळायची ना इथे. दारात जास्वंद लावता यायची. पुढे त्याच आत्याचा मुलगा इथे फ्लॅट बघायला आला तेव्हा मी विहिरीचं पाणीच दिलं असतं, पण तोवर नळ आले होते.

असो. तर मुद्दा काय, तो. त्याचं ऑफिस ऐरोलीला. ठाण्याला गाडी बदलली की झालं, त्याला इथूनच सोयीचं. आणि त्याचं दुसरंच दुखणं आहे. तो म्हणाला, अगदी हळू आवाजात हो, "आई, मला स्वतःचं टेबल मिळालं नोकरी लागल्यावर. पोरीला मी खोली दिलीये इथे. भिंतीला तिच्या आवडीचा रंग दिलाय." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग तिथेही आहेत की दोन बेडरूम." तो म्हणाला, "आणि तू कुठे झोपशील?" तर त्या काय म्हणाल्या माहितीये? "पॅसेजमध्ये." आणि हसल्या. पण कुणी हसलं नाही.

कारण अहो, पॅसेज राहिलाय कुठे! तेच तर. त्या चाळीत ऐंशी खोल्या एका इमारतीत, दारं सगळ्यांची दिवसभर सताड उघडी. हा शाळेतून आला की ज्या घरी वास चांगला त्या घरी जेवायचा. आता टॉवरमध्ये प्रत्येकाचं दार बंद, वर सेफ्टी डोअर, वर बेल. सासूबाई मला स्वयंपाकघरात येऊन सांगत होत्या, "कोकणात कुणी वारलं तर पूर्वी पाच मिनिटांत कळायचं, परवा शेजारणीची बातमी मला वॉचमनकडून कळली." डोळे भरले हो त्यांचे. गणपती झोकात झाला नव्या घरात, पण गणपती गेल्यावर पुढे काय, दोन बेडरूम आणि एक बाई.

मुलांसाठी, मुलांसाठी म्हणून सगळे भांडत होते बघा, आणि चिमणी तिथे माझ्या पायाशी बसून वडीचे कडेचे तुकडे खात होती. तिला वरळीही नको नि डोंबिवलीही नको, तिला मधली वडी हवी होती.

शाळेचंही झालंच मधे. सासूबाई म्हणाल्या बालमोहन, शिवाजी पार्कला, मराठीत शिकू दे. बँकवाली म्हणाली इंग्लिश मीडियमच. त्यावर अर्धा तास. तो सोडून देते, आपल्या सगळ्यांच्या घरी झालेला आहे.

आता खरी गंमत ऐका. मी म्हटलं, "अहो पण ही साडेसात-आठला येणार, तो नऊला, मग वरळीला चिमणी शाळेतून आली की..." म्हणजे मी आपलं सहज म्हटलं. इथे साडेबाराला रिक्षा आली की ती थेट माझ्याकडे येते, मऊ भात खाते, झोपते, उठून जास्वंदीला पाणी घालते. पाळणाघराचे पैसे ती बिचारी दर महिन्याला पुढे करते, मी घेत नाही. तर माझ्या बोलण्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी आहे ना." मी म्हटलं, "तुमचे गुडघे..." त्या म्हणाल्या, "लिफ्ट आहे." प्रत्येकाला उत्तर तयार हो त्यांचं!

आणि मग एकदम शांत झाल्या. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला, म्हणाल्या, "नाहीतर असं करते. तुम्ही नका येऊ. मीच येते इथे. वरळीच्या घराला कुलूप लावते, गणपतीला आपण सगळे जाऊ."

अहो, काय सांगू! त्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बँकवाली आत्तापर्यंत अर्धा तास डोंबिवलीची बाजू घेऊन भांडत होती, इथली हवा, इथली माणसं, इथलं नाट्यगृह, फडके रोडवरची दिवाळी... तिचा चेहरा असा पडला, असा पडला की विहीणबाईंनी पटकन तिच्या ताटात भात वाढला. नवरा म्हणाला, "आई, इतकी वर्षं थांबून मिळालेल्या घराला कुलूप?" पण त्याच्या तोंडावर दिसत होतं बरं का, मनातून त्याला बरंच वाटलं. आणि बँकवाली दोन मिनिटांनी काय म्हणाली? "तसं बघितलं तर मेट्रोने खरंच सोपं पडेल मला." ऐका! जी मेट्रो आत्तापर्यंत जमिनीखाली गुदमरवत होती, ती एकदम सोपी झाली!

अजून ठरलेलं नाहीये म्हणा काही. मे महिन्यापर्यंत ठरवू म्हणाले. विहीणबाई जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "काहीही होवो, लेक सुखात राहो." मी मान हलवली. सासूबाई मात्र निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून वाढली हो पोर. आता मी आले की तुम्हाला जरा मोकळीक."

मोकळीक! म्हणजे बघा ना, वरळीला गेले तरी तेच आणि इथे राहिले तरी... साडेबाराला दार उघडायला घरातच माणूस.

चांगलंच आहे की. मी काय, माझी दुपार आपली मालिका बघण्यात जाईल. पाठही दुखते हल्ली. आणि त्यांची ती छोटी स्टीलची वाटी आहे माझ्याकडे, कडेला नाव कोरलेली, तिच्या मऊ भाताची. ती परत द्यायला हवी आता. सोमवारीच देणार होते, पण रिकामी कशी द्यायची? काल सांजा करायचा म्हटलं तर गूळ संपलेला. आज गूळ आणलाय तर रवा जाड निघाला. बघू, उद्या.

तुम्हाला पुरेल ना एवढा कढीपत्ता? थांबा, अजून एक फांदी देते.